टेबल टेनिसचं टेबल कोण हलवणार

आम्ही घर घेतलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. ठरेपर्यंत बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ‘ठरणं’ म्हणजे काय, हे ताई ठरवते. तिच्या मते नोटरीपुढे सही झाली म्हणजे ठरलं असं नाही, किल्ली हातात आली म्हणजेही नाही. नव्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं की मग ठरलं. नव्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी आहे आणि दूध काठाशी आलं की ती आपली आपण बंद होते. त्यामुळे अजून काहीच ठरलेलं नाही.

तर, काहीच झालेलं नसताना जे झालं ते असं.

मी तनय. ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. दोन पत्रे गोंदाने चिकटवले तर ते किती काळ चिकटून राहतात, हा माझा विषय. तीन वर्षं झाली, ते अजून चिकटलेले आहेत, त्यामुळे प्रबंध पुढे सरकत नाही. राहतो वीणाताईकडे, इतर लोक ज्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात त्या खोलीत. व्हॅक्यूम क्लीनरही तिथेच असतो. आमचं बरं चालतं.

ताईचा नवरा कपिल, म्हणजे माझे भाऊजी, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहेत. दिवसभर ‘हे तुटलं तर काय होईल’ याची यादी करायची आणि घरी येऊन तीच यादी डब्याच्या झाकणांना लावायची, असा त्यांचा स्वभाव आहे.

२०१५च्या सप्टेंबरात घरमालकाचं पत्र आलं. त्यांच्या मुलीला राहायला जागा हवी होती, म्हणून आम्ही एकतीस मार्चपर्यंत फ्लॅट रिकामा करायचा होता. कायद्यात याला ‘आइगनबेडार्फ’ म्हणतात, म्हणजे स्वतःची गरज. मालकाची स्वतःची, आपली नव्हे.

ताईने भाड्याचे एकोणीस फ्लॅट बघितले. प्रत्येक ठिकाणी जिन्यात तळापासून वरपर्यंत रांग. एकदा आमच्या पुढच्या माणसाने स्वतःच्या अर्जासोबत कुत्र्याचं शिफारसपत्र जोडलं होतं, आधीच्या घरमालकाच्या सहीचं. तो फ्लॅट कुत्र्याला मिळाला. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. ताईने हॉलमध्ये खोके भरून ठेवायला सुरुवात केली आणि आम्ही खोक्यांवर बसून जेवायला लागलो.

मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते घर दिसलं. शहराच्या कडेला, एकोणीसशे बासष्ट सालचं, मागे पेअरचं झाड, खाली तळघर. मालकीणबाई एकट्या होत्या, वृद्धाश्रमात जाणार होत्या. दाखवायला फ्राऊ ब्रेमर नावाच्या एजंटबाई होत्या. ताईने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिली. परत येताना ट्राममध्ये एक शब्द बोलली नाही. ताई बोलत असेल तर अजून घासाघीस चालू आहे असं समजायचं. गप्प झाली की संपलं.

घरी आल्यावर पहिली गोष्ट तिने सांगितली ती ही, की मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये. कशात काही नाही आणि गावभर बोभाटा. यात तथ्य होतं. आदल्या वर्षी एकाने घर बघितल्याचं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, त्याला छत्तीस सल्ले आले आणि घर भलत्यानेच घेतलं. तो भलताही ग्रुपमध्येच होता. छत्तिसावा सल्ला त्याचा होता.

भाऊजींना ऑफिसात कुणीतरी सांगितलं की घेण्याआधी घराची तज्ज्ञाकडून तपासणी करून घे. भाऊजींनी विचारलं, कोणती? इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग भाऊजींनी एक्सेल उघडलं.

त्यांच्या अभ्यासानुसार पर्याय तीन होते. पहिला, विकणाऱ्याने फुकट द्यायचा ऊर्जेचा दाखला. घरातून उष्णता किती बाहेर जाते ते त्यात असतं, आणि त्यानुसार आमचं घर बऱ्यापैकी आकाश तापवत होतं. ही खरं तर तपासणी नव्हेच, पण तक्त्यात तीन ओळी असल्या की भाऊजींना बरं वाटतं. दुसरा, बांधकामातला जाणकार. तो दोन तास आपल्याबरोबर फिरतो, भिंती ठोकतो, कोपऱ्यात वाकतो, आणि काय दिसलं ते तोंडी सांगतो. फार तर एक पानाचा कागद देतो. तिसरा, शपथ घेतलेला, शिक्केवाला मूल्यांकनतज्ज्ञ. तो घराची बाजारातली किंमत काढून जाडजूड अहवाल देतो.

कसोट्या अकरा. पानं किती, शिक्का आहे का, तक्ते आहेत का, मानकांचे क्रमांक दिलेत का. प्रत्येकीला वजन. मी सुचवलं की दोन नंबरचा माणूस भिंतीला नाक लावून वास घेतो म्हणतात, हे मला भारी वाटतं.

‘‘तनय,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘वास रिपीटेबल नसतो.’’

तिसरा पर्याय मोठ्या फरकाने जिंकला. तज्ज्ञ वाकतो का, ही कसोटीच तक्त्यात नव्हती.

सतरा डिसेंबरला शिक्केवाले आले. टाय, लेझरचं मापयंत्र, बुटांवर निळ्या पिशव्या. फार व्यवस्थित माणूस. तळघरात एका भिंतीला टेबल टेनिसचं टेबल घडी घालून उभं टेकवलेलं होतं, हिरवंगार, जवळपास भिंतीइतकं. भाऊजींनी विचारलं, यामागे बघायचं का? शिक्केवाल्यांनी जरा वेळ घेऊन, अजिबात न रागावता समजावलं, त्याचा मराठीत सारांश असा: टेबल जंगम आहे, मी स्थावरासाठी आलोय. टेबल हलवणं त्यांच्या प्रकारच्या तपासणीत बसत नव्हतं. भाऊजींना हे उत्तर इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ते दोनदा म्हणाले, माणसाला स्कोप कळतो.

अहवाल तेरा जानेवारीला आला. सेहेचाळीस पानं. त्यात शहराची लोकसंख्या होती, गेल्या काही वर्षांचा पाऊस होता, जवळच्या ऑटोबानपर्यंतचं, म्हणजे महामार्गापर्यंतचं, अंतर होतं, आणि आमच्या रस्त्यावर सायकली किती जातात याबद्दल एक परिच्छेद होता. पान एकतीसवर एक ओळ होती: ‘तळघर कोरडं असल्याचं गृहीत धरलं आहे.’

ताईने ती ओळ मोठ्याने वाचली. गृहीत कुणी धरलं, असं विचारलं. भाऊजींनी सांगितलं की ती पद्धत आहे, स्टँडर्ड वाक्य असतं. ताई म्हणाली, या घरात गृहीत धरलेली मी एकटीच आहे असं मला वाटत होतं, आता तळघराची सोबत झाली.

त्याच दिवशी फ्राऊ ब्रेमरचा फोन आला. सोमवारी, अठरा तारखेला, दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवा, इतर इच्छुकही आहेत. तेव्हा आमच्याकडे अडीच महिने, बावीस भरलेले खोके आणि गृहीत धरलेलं एक तळघर एवढं होतं.

शनिवारी मंडळाची संक्रांत. चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता. बाहेर बायकांचं हळदीकुंकू, आत स्वयंपाकघरात पुरुष. अध्यक्ष दिनकरकाका साबुदाण्याची खिचडी परतत होते. काका एकतीस वर्षं ब्राउनश्वाइगमध्ये आहेत आणि एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगतात: घर घेऊ नये. भाड्याने राहावं. जर्मन माणूस मूर्ख आहे का? बल्ब गेला की मालकाला फोन करावा आणि आपण चहा घ्यावा. दरवर्षी संक्रांतीच्या भाषणात हा मुद्दा असतो, तिळगुळाच्या आधी.

श्रीरंग शेंगदाण्याचं कूट करत होता. तो भाऊजींच्याच वयाचा, दुसऱ्या एका कंपनीत इंजिनियर. बायको लतिका बाहेर होती. भाऊजी बटाटे सोलत होते. मी कढई घासत होतो, कारण पीएचडीवाल्यांना नेहमी कढईच मिळते.

श्रीरंगने सहज विषय काढला. इतका सहज, की त्याने आधी घरी म्हणून बघितला असणार.

‘‘माझा एक मित्र आहे, हानोफरचा. तो घर बघतोय. म्हणजे बघत नाहीये. तळघरात ओल असेल तर काय करावं, असं विचारत होता.’’

‘‘सोडावं,’’ काका झारा न थांबवता म्हणाले. ‘‘माझा बॉनचा एक मित्र आहे, त्याने अस्संच एक सोडलं परवा. तज्ज्ञ नेला होता बरोबर. तो म्हणाला, जमिनीतलं पाणी असलं तर सगळं घर बाहेरून खणावं लागेल.’’

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर,’’ श्रीरंग म्हणाला. ‘‘हानोफरच्या मित्रालाही अगदी हेच सांगितलं.’’

भाऊजींना राहवेना. त्यांचा कोलोनचा एक मित्र होता, असं तेव्हा मला प्रथमच कळलं. कोलोनच्या मित्राने असल्या तोंडी माणसांच्या नादी न लागता सेहेचाळीस पानांचा अहवाल घेतला होता आणि त्याचं तळघर कोरडं होतं, लेखी.

मग तिघांनी आपापल्या मित्रांच्या घरांची चौकशी केली. बॉनच्या घरामागे पेअरचं झाड होतं. हानोफरच्या घरामागेही. कोलोनच्याही. तीन शहरांतले तीन मित्र, तिघांच्या मागे पेअर. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता, पण मी कढई घासत होतो आणि मला एवढंच वाटलं की या देशात पेअर फार लावतात.

प्रकाश बाहेर पडला, हळदीकुंकवात. हे मी ताईकडून ऐकलेलं सांगतो.

वाण म्हणून कुणी वाट्या देत होतं, कुणी झाकणाचे डबे. लतिकाने स्टीलची गाळणी दिली. काकांच्या बायकोने, कुंदाकाकूंनी, प्रत्येकीच्या ओटीत एक पांढरा प्लास्टिकचा डबा घातला. आत दाणे होते. खोलीतली ओल शोषून घेणारा तो डबा. कपाटात नाहीतर तळघरात ठेवायचा, महिन्याभरात त्यात पाणी साठतं, ते ओतून द्यायचं. बायकांनी डबे उलटेसुलटे करून बघितले. एकीला वाटलं खायचं आहे.

ताईने विचारलं, काकू, हे कसलं वाण? काकू म्हणाल्या, असू दे गं, उपयोगी असतं. सेलमध्ये होते म्हणून चाळीस घेऊन ठेवले, आम्हाला लागणार होते, आता नाही लागणार. ताईने नुसतं ‘कुठे लागणार होते’ एवढंच विचारलं.

‘‘अगं, तळघरात. त्या टेबल टेनिसच्या टेबलामागे—’’

आणि काकू थांबल्या. मग त्यांनी ताईला द्यायला उचललेला तिळगूळ स्वतःच्या तोंडात टाकला आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

ताईने चेहरा हलू दिला नाही. उखाणासुद्धा घेतला. गाडीत बसल्यावर मांडीवरचा डबा पुढे काचेपाशी ठेवला आणि म्हणाली, ‘‘कपिल, बॉनचा मित्र म्हणजे दिनकरकाका.’’

भाऊजी तिसऱ्या सिग्नलला म्हणाले, म्हणजे काकांनी पर्याय क्रमांक दोन घेतला.

मग ताई बोलली. ती एरवी भांडताना भराभर बोलते, तेव्हा सावकाश बोलली.

‘‘सेहेचाळीस पानांत पाऊस आहे, सायकली आहेत, ऑटोबान आहे. टेबलामागे काय आहे ते नाही. मला आता आणखी कागद नको, कपिल. सहा वर्षं मी भिंतीत एक खिळा ठोकला नाही, का तर सोडताना बुजवावा लागेल. मला माझी भिंत हवीय. ओली असेल तर ओली आहे असं तोंडावर सांगणारा माणूस हवाय. आणि ते टेबल हलवणारा.’’

मी मागच्या सीटवरून सुचवलं की काकांना फोन करून सरळ विचारावं. दोघांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. फोन करायचा म्हणजे आम्ही घर बघतोय हे कबूल करायचं; काकाही बघत होते हे आम्हाला कळलंय हे कबूल करायचं; ते काकूंकडून कळलं हेही; आणि एकतीस वर्षांची भाषणं पाण्यात. त्यापेक्षा तज्ज्ञ नेमणं सोपं होतं.

शनिवारी दुपारी चारला फोन उचलणारा बांधकामातला जाणकार शहरात एकच निघाला. हेर ओल्टमान. सोमवारी सकाळी आठला येतो म्हणाले. भाऊजींनी पत्ता सांगितला, तर पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, मागे पेअरचं झाड आहे ते? आणि लगेच म्हणाले, हा प्रश्न मी विचारलेला नाही.

सोमवारी हेर ओल्टमान आले. पासष्टीचे असतील. गळ्यात टॉर्च, खिशात छोटा हातोडा, कानामागे पेन्सिल. फ्राऊ ब्रेमरनी दार उघडलं आणि दोघांनी एकमेकांना असं अभिवादन केलं, जसं दोन माणसं पूर्वी कधीच भेटलेली नसताना करतात. म्हणजे फारच नीट. मग ते कुणाला न विचारता तळघराच्या दाराकडे गेले. दिवा दाराबाहेर कपाटाच्या आडोशाला आहे, तो त्यांना न बघता सापडला. जिन्यात एक तुळई खाली आलेली आहे, तिथे ते बरोबर वाकले. मी वाकलो नाही. मला टेंगूळ आलं.

टेबलापुढे उभं राहून त्यांनी जाहीर केलं की यामागे काय असेल याची त्यांना काहीही कल्पना नाही. आणि बाह्या सरसावून स्वतः टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. एवढंच. दीड महिना, अकरा कसोट्या, सेहेचाळीस पानं, आणि टेबलाला चाकं होती.

मागे ओल होती. खालच्या कोपऱ्यापासून अर्धवर्तुळात पसरलेली, काळपट, कडेला मिठासारखी पांढरी बुरशी. आणि तिच्यात पेन्सिलीने काढलेल्या दोन रेघा होत्या, नकाशावर डोंगराची उंची दाखवतात तशा, एकीत एक. आतलीवर तारीख चार जानेवारी. बाहेरचीवर अकरा. ओल दोन्ही रेघांच्या पुढे गेली होती.

हेर ओल्टमान स्वतःच्या अक्षराकडे परक्यासारखे बघत राहिले. भाऊजींनी विचारलं, या रेघा कुणाच्या? ते म्हणाले, कुणाच्या तरी. मग म्हणाले, डाटेनशुत्स. म्हणजे माहितीची गोपनीयता. या देशात तो शब्द उच्चारला की प्रश्न विचारणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिसरी रेघ काढली. अठरा जानेवारी.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. एका भेटीत एवढंच कळतं की भिंत ओली आहे. पाणी कुठून येतंय ते कळायला थांबावं लागतं, परत येऊन बघावं लागतं. पण घर घेणाऱ्याला दुसऱ्यांदा यायला वेळ नसतो. ते तर लोकांना बजावून सांगतात, थांबा; लोक वाईट तेवढं ऐकतात आणि पळून जातात. कोणते लोक, हे त्यांनी सांगितलं नाही.

भाऊजी मात्र गुडघ्यांवर बसले होते. खिशातून पोलादी पट्टी निघाली. ती त्यांच्याकडे लग्नातही होती. कोपऱ्यापासून पहिली रेघ अठरा सेंटीमीटर. दुसरी चोवीस. तिसरी तीस. ओल इतक्या शिस्तीत वाढते की नाही मला माहीत नाही, जर्मनीतली वाढते. भाऊजींनी पिशवीतून अहवाल काढला, पान एकतीसच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ठिपके दिले, एक सरळ रेघ मारली आणि ती शून्याला कुठे टेकते ते बघितलं. सेहेचाळीस पानांचा तो पहिला उपयोग.

मग ते उठले आणि फ्राऊ ब्रेमरना पोलीस विचारतात तसं विचारलं: चौदा डिसेंबरला या घरात काय झालं?

फ्राऊ ब्रेमर घाबरल्या. फोनमध्ये शोधलं. चौदा डिसेंबरला मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या होत्या. सामान हलवणारे आले होते. वाटेत येत होतं म्हणून टेबल त्यांनीच भिंतीला लावलं असणार. आणि हो, मुलगा कपडे धुवायचं मशीन घेऊन गेला होता. मशीन कुठे होतं? पलीकडच्या खोलीत. याच भिंतीच्या पाठीमागे.

आम्ही सगळे पलीकडे गेलो. तिथे एक रिकामं कपाट होतं. त्याला चाकं नव्हती, पण आता आम्हाला सवय झाली होती. कपाटामागे मशीनचा नळ, त्याला घाईघाईत लावलेलं बूच, आणि बुचाखालून भिंतीच्या भेगेत शांतपणे पडणारा थेंब. टप्. मोजून पाच सेकंदांनी पुन्हा टप्.

जमिनीतलं पाणी नाही, बाहेरून खणणं नाही, काही नाही. एक नळ.

हेर ओल्टमान इतके खूश झाले की त्यांनी भाऊजींचा हात धरून हलवला. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्यांना एकाच भिंतीकडे लागोपाठ तीन सोमवार बघू दिलं नव्हतं, असं ते म्हणाले. मग त्यांना आठवलं की आम्ही एकच सोमवार बघू दिला होता, आणि ते हातोडा शोधायला लागले.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अट अशी ठरली, की मालकीणबाईंच्या मुलाने नळ दुरुस्त करून, भिंत वाळवून मगच घर द्यायचं. फ्राऊ ब्रेमर तयार होत्या. भाऊजी ‘हो’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, थांब. आणि फोन घेऊन मागच्या बागेत गेली.

मी टेंगूळ थंड करायला म्हणून मागोमाग गेलो, त्यामुळे मला ऐकू आलं. तिने कुंदाकाकूंना फोन लावला होता.

‘‘काकू, कोलोनचा एक मित्र आहे ना, त्याच्या भिंतीत नुसता नळ गळत होता. घराला काही झालेलं नाही. ती पहिली रेघ नसती तर कळलंच नसतं. म्हणून म्हटलं, बॉनच्या मित्राला सांगावं. बारापर्यंत वेळ आहे. त्याने आधी बघितलं होतं. त्याला हवं असेल तर कोलोनचा बाजूला होईल.’’

पेअरच्या झाडाला एक पान नव्हतं. ताई त्याच्या खोडाला नखाने खरवडत उभी होती आणि मी मनातल्या मनात बावीस खोके मोजत होतो. पलीकडून काकू बोलल्या ते ताईने मला नंतर शब्दशः सांगितलं.

‘‘वीणा, बॉनच्या मित्राचे गुडघे गेलेत गं. तळघराचा अकरा पायऱ्यांचा जिना त्याला आता झेपत नाही. ते मान्य करायला नको म्हणून ओल सापडली ते बरंच झालं. कोलोनच्याला म्हणावं, घे. आणि तू मला फोन केला नव्हतास.’’

‘‘नाही केला,’’ ताई म्हणाली.

आत जाऊन तिने स्वतः हो सांगितलं. बाराला वीस कमी होते.

मे महिन्यात सत्यनारायण घातला. मंडळाला बोलावलं. ताईने सकाळी इंडक्शनवर दूध ठेवलं. शेगडी बंद झाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा बंद. त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना आपण नेमकं कशासाठी आलोय हे अधिकृतरीत्या सांगता आलं नाही.

दिनकरकाका बूट काढून, कुणाला न विचारता, दुसऱ्या दारामागच्या बाथरूममध्ये हात धुऊन आले. घर घेऊ नये, यावर दहा मिनिटं बोलले आणि मग खिडकीची बिजागरी किती चांगली आहे ते त्यांनी काकूंना दाखवलं. काकू म्हणाल्या, अय्या, हो का. आहेर म्हणून त्यांनी उरलेले बारा डबे आणले होते.

मग लोक तळघर बघायला निघाले. जिन्यात पुढे श्रीरंग होता. मी ओरडून सांगणार होतो की जपून, तुळई आहे. तोवर तो वाकून पुढे गेलेला होता. हानोफरच्या मित्राचं काय झालं, हा प्रश्न मी गिळला. लतिका त्याच्या मागोमाग उतरली, रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, ‘‘टेबल हलवलंत?’’ आणि तिथल्या तिथे प्रसादाचा शिरा तोंडात कोंबून चावत बसली. शिऱ्याचा आवाज येत होता.

भिंत कोरडी होती. तिन्ही रेघा ताईने पुसू दिल्या नाहीत. त्यांच्या मधोमध तिने आयुष्यातला पहिला स्वतःचा खिळा ठोकलाय, त्यावर फ्रेममध्ये पान एकतीस टांगलंय. भाऊजी त्यासमोर उभं राहून सगळ्यांना समजावत होते की तपासणी निवडताना आता त्यांनी तक्त्यात बारावी कसोटी घातली आहे, आणि तिचं वजन सर्वात जास्त ठेवलं आहे. बारावी कसोटी म्हणजे ‘टेबल कोण हलवणार’. दिनकरकाका, श्रीरंग आणि मी अशा तिघांनी माना डोलावल्या. दोघांनी जरा जास्तच.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर भांडी घासून झाली आणि मी मंडळाला पत्र लिहायला बसलो. मजकूर देत आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
मराठी मंडळ, ब्राउनश्वाइग.

विषय: घर बघणाऱ्या सभासदांच्या नोंदीबाबत.

महोदय,

सविनय विनंती की, यापुढे जे सभासद घर बघत नसतील, त्यांनी न बघत असलेल्या घराचा पत्ता बंद पाकिटात घालून सचिवांकडे जमा करावा. सचिवांनी पाकिटं न उघडता त्यांतील पत्ते एकमेकांशी ताडून पाहावेत. दोन अथवा अधिक पाकिटांत एकच पत्ता आढळल्यास, ही बाब कुणालाही कळू न देता सर्व संबंधितांना तातडीने कळवावी. तसेच अशा सभासदांना एकच तज्ज्ञ एकत्रितपणे, परंतु स्वतंत्रपणे व एकमेकांच्या नकळत, नेमण्याची परवानगी मिळावी, आणि टेबल हलवण्यासाठी मंडळातर्फे दोन कार्यकर्ते देण्यात यावेत.

सदर ठराव आगामी सर्वसाधारण सभेत चर्चेविना, मतदानाविना व शक्यतो वाचल्याविना मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.

सोबत: आमचं पाकीट. रिकामं आहे, कारण आम्ही घर घेतलेलं नाही.